कंट्रोलताईंची भीती

ताईंना कशाकशाची भीती वाटायची ते सांगत बसलं तर दिवस मावळेल. पाल, कुत्रा, वीज, लिफ्ट, विहीर, गच्चीचा कठडा, हलणारा पूल. मोटरसायकलवर मागे बसायची भीती होतीच, पण रस्त्याच्या कडेला उभं राहून ती जाताना बघायचीही होती. फोन वाजला की त्या दचकत. आणि नोकरी कसली, तर रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायची. दिवसभर दचकण्याचा पगार मिळतो, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

अशा बाईला रानात एकटीनं धावायचं वेड कसं लागलं, आणि त्या वेडापायी मी आज हे सांगायला जिवंत कशी, ही गोष्ट आमच्या क्लबात इतक्यांदा सांगून झाली आहे की प्रत्येकाची थोडी वेगळी झाली आहे. मी त्यात प्रत्यक्ष होते, म्हणून माझी सांगते.

आमचा क्लब ओरिएंटिअरिंगचा. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन अनोळखी रानात शिरायचं, नकाशावर दाखवलेल्या जागा एकामागून एक शोधायच्या, तिथं टांगलेल्या नारिंगी-पांढऱ्या निशाणापाशी कार्डाला चिमट्यानं भोक पाडायचं, आणि धावत परत यायचं. त्या निशाणालाही खेळात कंट्रोलच म्हणतात. त्यामुळे ताईंचं नाव ठेवायला कुणाला डोकं चालवावं लागलं नाही. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे सगळ्यांचे भाऊजी, चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. ते म्हणायचे, "घरातला एक कंट्रोल मला पुरतो. हिला तो पुरत नाही, म्हणून रविवारी आणखी शोधायला जाते."

ताईंची कंट्रोल रूम मी एकदा पाहिली. ती ज्या हॉस्पिटलात होती, तिथल्याच लॅबमध्ये मी रक्त काढते. जिन्याखालची खोली, खिडकी नाही. भिंतीवर शहराचा मोठा नकाशा, त्याचे कोपरे सुटून पुढे वळलेले. खुर्च्यांवर घरून आणलेल्या उशा. ताईंची खुर्ची अगदी कोपऱ्यात, कारण पाठीमागं कुणी येऊन उभं राहिलं तर त्या किंचाळतील अशी सगळ्यांनाच धास्ती होती. फोन आला की त्यांचा डावा हात हेडफोनची वायर पिळायला लागायचा. आवाज मात्र असा, की समोरच्या बाईला ब्लाउजचं माप विचारतायत. "बरं. श्वास चालू आहे? बरं. दार उघडं ठेवा. आता मला पत्ता सांगा."

तिथल्या साहेबांची त्यांच्यावर एकच तक्रार होती. फोन करणाऱ्याला आधी "घाबरू नका" म्हणायचं, असा नियम होता. ताई ते कधी म्हणाल्या नाहीत.

"माणूस आधीच घाबरलेला असतो," त्या मला म्हणाल्या होत्या. "त्यात घाबरू नका म्हटलं की त्याला घाबरल्याची लाज वाटायला लागते. एका वेळी दोन कामं कशाला द्यायची?"

रानाचं वेड लागलं ते एका फोनमुळे. एक माणूस बोलत होता, शहराबाहेर कुठंतरी गाडी उलटून तिच्याखाली अडकलेला. कुठं आहात विचारलं तर म्हणाला, "इथं झाड आहे." कसलं झाड? "मोठं." आणखी काय दिसतं? "काही नाही. झाड." ताई विचारत राहिल्या, तो झाड म्हणत राहिला, आणि मग फोन बंद झाला. रुग्णवाहिका पाठवली, ती फिरून फिरून परत आली. दुसऱ्या कुणी त्याला शोधलं का, तो वाचला का, हे त्यांना कधीच कळलं नाही. कंट्रोल रूममध्ये ते कळत नाही. एक फोन ठेवला की दुसरा वाजतो, आणि आधीच्या माणसाचं पुढं काय झालं ते सांगायला कुणी खाली येत नाही.

त्यानंतर ताईंची झोप उडाली. आपल्याला विचारताच येत नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. मोठ्या झाडाजवळच्या माणसाला असं काय विचारायचं असतं की तो सापडेल? त्या स्वतः बाजारात दुकानाच्या मागच्या दारानं बाहेर पडल्या तर घरचा रस्ता चुकत. अशात एक दिवस चपला घ्यायला गेल्या, तर दुकानदाराच्या गल्ल्यामागं आमच्या क्लबाचं पत्रक चिकटवलेलं. 'हरवायला शिका', असं त्यावर लिहिलं होतं. ती थट्टा होती. ताईंनी ती मनावर घेतली.

पहिल्या रविवारी त्या सुरुवातीच्या रेषेपासून हाकेच्या अंतरावर हरवल्या. झाडाखाली बसून रडल्या. आमचे नकाशे काढणारे सर्व्हेअर आजोबा त्यांना शोधून घेऊन आले, तेव्हा त्यांच्या हातातल्या नकाशाचा घामानं लगदा झाला होता. ही बाई परत येत नाही, असं सगळे म्हणाले. पुढच्या रविवारी त्या सगळ्यांच्या आधी हजर होत्या, तोंड पांढरं, बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठी.

रानात एकटं वाटू नये म्हणून त्या मोठ्यानं बोलत धावायच्या. "आता उजवीकडे ओढा. ओढा आला. बरं. आता चढ. कोण आहे तिकडं? कुणी नाही. दगड आहे." दुसऱ्या क्लबाच्या लोकांनी तक्रार केली की ही बाई सगळ्यांना वाट सांगत सुटते. मग आजोबांनी त्यांना समजावलं की ताई, जरा हळू आवाजात घाबरा.

आमचा त्यांच्यावर जीव होता, त्याचं कारण मला वाटतं शेवटच्या तंबूत होतं. धावून आलेला प्रत्येक जण तिथं ताईंना शोधायचा. त्या विचारायच्या, "कुठं चुकलास?" आणि मग तोंडावर हात ठेवून सगळं ऐकायच्या. कुठं वाट फुटली, कुठं आपण भलत्याच टेकडीवर निघालो, कुठं पोटात गोळा आला. घरी बायको हे ऐकत नाही, मित्र ऐकत नाहीत. ताई ऐकायच्या आणि मनापासून घाबरायच्या. तुमची भीती त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेली बघितली की तुमची निम्मी उतरायची. आणि शेवटचा माणूस परत आल्याशिवाय त्या तंबू सोडायच्या नाहीत. पाऊस असो, भाऊजी गाडीत बसून हॉर्न वाजवत असोत.

आता त्या दिवसाचं सांगते.

थंडी नुकती पडू लागली होती. आजोबांनी नवीन नकाशा केला होता, उंच सरळ झाडांच्या लागवडीचा, आणि त्याच्या पश्चिमेच्या टोकाला एक जुनं तारेचं कुंपण होतं. तिथं नकाशा संपत होता. ताईंचा गुडघा सुजला होता, म्हणून त्या धावणार नव्हत्या. तंबूत टेबलाशी फोन घेऊन बसल्या होत्या. तो नंबर आम्हा सगळ्यांच्या छातीवरच्या कापडी पट्टीवर छापलेला असे.

मी बरी धावत होते. जळक्या ओंडक्यापाशी निशाण मिळालं, चिमटा मारला, आणि ओढ्याच्या काठानं निघाले. तेवढ्यात धुकं आलं. ओढ्याच्या पात्रातून वर चढत आलं, आधी पाय दिसेनासे झाले, मग हात. मी थांबायला हवं होतं, पण आपण अगदी बरोबर वाटेवर आहोत या खात्रीत मी पळत राहिले. कशात तरी पाय अडकला, सोडवला, पुढं गेले. आणि एकदा पाय पुढं टाकला तर पुढं जमीनच नव्हती.

शुद्धीवर आले तेव्हा मी एका कपारीवर होते. दगड कापून नेलेल्या खाणीची उभी भिंत, आणि तिच्या मध्यावर फळीएवढा कट्टा सुटलेला. त्यावर मी अर्धी बसलेली, अर्धी लोंबकळलेली. डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडं वळला होता. मी तो एकदा पाहिला, परत पाहिला नाही. हलले की कट्ट्यावरची खडी घसरायची, थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही, आणि मग खालून डुबुक असा आवाज यायचा. तो मधला वेळ मला सोसवत नव्हता.

मी ओरडले. धुक्यात आवाज तोंडासमोरच विरून जात होता, उशीत तोंड खुपसून ओरडावं तसा. मग फोन आठवला. खेळताना तो प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद ठेवायचा असतो. दातांनी पिशवी फाडली. बॅटरी लाल झालेली. नंबर दाबताना बोट तीनदा चुकलं.

"बोला," ताईंचा आवाज आला.

मी नुसती रडत होते.

"ओळखला आवाज," त्या म्हणाल्या. "कुठं लागलंय?"

"पाय मोडलाय. मी पडणार आहे ताई. खाली पाणी आहे."

"पाठ कशाला टेकलीय?"

"दगडाला."

"तशीच टेकून राहा. हलू नकोस. रक्त वाहतंय?"

"थोडं."

"बरं. कुठं आहेस?"

"माहीत नाही. धुकं आहे. खड्डा आहे."

पुढं कधीतरी त्यांनी सांगितलं की त्या वेळी त्यांना 'मोठं झाड' असं स्पष्ट ऐकू आलं होतं. मला फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि तो सरळ नव्हता.

"मी इथंच आहे असं तुला अगदी नक्की ठाऊक होतं, अशी शेवटची जागा कुठली?"

"जळका ओंडका. तिथं चिमटा मारला."

"तिथून निघालीस तेव्हा ओढा कुठल्या हाताला होता?"

"डाव्या." मग मला आठवलं. ओल्या फांद्या ज्या खांद्याला लागत होत्या तो खांदा आठवला. "नाही. उजव्या. ताई, उजव्या हाताला होता."

नकाशाप्रमाणं तो डाव्या हाताला असायला हवा होता. म्हणजे मी काठानं उलट्या दिशेला धावले होते. सगळे मला शोधायला जाणार ते दुसरीकडे.

"मग पायात काही अडकलं का?"

"हो. तार असेल. पडलेली."

"त्यानंतर वाट लागली?"

"लागली."

"पायवाट का गाडीवाट?"

"चाकोऱ्या होत्या. मधे गवत."

फोनवर हात ठेवल्याचा आवाज आला, पण हात नीट बसला नव्हता. आजोबा बोलले ते मला ऐकू आलं. "कुंपणापलीकडं? मग पोरगी नकाशाबाहेर गेली."

त्या शब्दानं मी जितकी घाबरले, तितकी पडतानाही घाबरले नव्हते. जिथं आपण आहोत ती जागा कुणी काढलेलीच नाही.

"ताई, मी नकाशाबाहेर आहे का?"

"हो," त्या म्हणाल्या. "आजोबांना तिकडचं थोडं माहीत आहे. जुन्या खाणी आहेत म्हणतात. बऱ्याच आहेत. त्यातली तू कुठल्या खाणीत ते आता आपण बघू."

"तुम्ही घाबरलात?"

"खूप. हात कापतोय माझा. समोरची भिंत दिसते?"

"नाही."

"पाणी?"

"मधूनच दिसतं."

"पाण्यात काय आहे?"

"काही नाही." मी मान थोडी वाकवली. खडी सुटली, तो मधला वेळ गेला, डुबुक झालं. "लोखंड आहे. वर आलेलं. हात वर केल्यासारखं."

"टोकाला काय आहे?"

"चाक. दोर ओढायचं असतं तसं."

पलीकडं आजोबा मोठ्यानं म्हणाले, "यारी बुडालेली आहे ती खाण! सगळ्यात लांबची." लोक पळाल्याचे आवाज आले, कुणीतरी दोर दोर म्हणत होतं. दगड उचलायच्या त्या जुन्या यारीचं नाव ऐकून मला रडू फुटलं. जगात आणखी एका माणसाला ते लोखंड ठाऊक होतं.

"फोन बंद पडणार आहे," मी म्हटलं.

"पडू दे. पडला की तू बोलत राहायचं. मोठ्यानं. गप्प बसलीस तर आम्ही धुक्यात शेजारून निघून जाऊ."

"कुणाशी बोलू?"

"मी झाडांशी बोलते, तू दगडाशी बोल. आणि झोप आली तर..." तिथं फोन गेला.

मी दगडाशी बोलले. काय बोलावं सुचेना, म्हणून लॅबमध्ये दिवसभर बोलते तेच बोलायला लागले. बाही वर करा, मूठ आवळा, मुंगी चावल्यासारखं वाटेल, झालं झालं, कापूस दाबून धरा. किती माणसांना मी आजवर मुंगी म्हणून फसवलं असेल. घसा बसला. थंडीनं दात एकमेकांवर आपटायला लागले. मग दुखायचं थांबलं, आणि ते मला चांगलं वाटलं. डोळे मिटून घ्यावेत, कट्टा रुंद आहे, पाणी काही फार खाली नाही, असं काहीतरी मनात यायला लागलं. त्या वेळची भीती मला आता वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

वर काय झालं ते नंतर कळलं. दोर घेतलेली गाडी चाकोरीच्या वाटेनं लांबून वळसा घालून निघाली होती. बाकीचे आजोबांच्या मागून रानातून सरळ. त्यांच्यात काठी टेकत ताई. भाऊजींनी दंड धरला होता, तो सोडवून त्या निघाल्या. कुंपण ओलांडल्यावर धुक्यात हातभर दिसेना. आजोबांना खाण कुठल्या अंगाला ते माहीत होतं, काठ कुठं सुरू होतो ते माहीत नव्हतं. पुढचं पाऊल कुणी टाकायचं? सगळे थबकले. तेव्हा ताई म्हणाल्या, "पाय वाजवू नका. श्वास रोखा." कुणालाच काही ऐकू आलं नाही. ताईंना आलं. जन्मभर वाईट लाइनवरची पुटपूट ऐकायचं काम केलेले कान. त्या आवाजाच्या रोखानं निघाल्या.

मला डोळे मिटल्यावर वरून ऐकू आलं. "इथं उतार आहे. हळू. देवा, आता खड्डा असेल. नाही, झुडूप आहे. सरक की बाई. अगं आई गं, काटे." आधी मला भास वाटला. पण भासाला काटे टोचत नाहीत.

"ताई," मी म्हटलं. आवाज निघाला नसावा.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "बोलत राहा."

मग थोडा वेळ सरपटल्याचा आवाज आला आणि काठावरून त्यांचा चेहरा बाहेर आला. त्या पोटावर आडव्या झाल्या होत्या. चेहरा चुन्यासारखा पांढरा, ओठ निळे. डोळे माझ्यावर रोवलेले, पाण्याकडं एकदाही जाऊ दिले नाहीत. त्यांचे केस सुटून खाली लोंबत होते आणि त्यांची टोकं थरथरत होती.

"ताई, मागं व्हा. काठ सुटेल."

"नाही होणार. आता मागं झाले तर परत पुढं यायला जमायचं नाही मला."

त्यांनी हात खाली सोडला. तो माझ्यापर्यंत पोचणार नव्हता, ते दोघींनाही दिसत होतं. तरी दोर येईपर्यंत त्यांनी तो वर घेतला नाही. आणि बोलत राहिल्या. भाऊजी काल जेवताना काय म्हणाले, जुन्या खुर्चीचा पाय कसा डगमगतो, साहेबांचा नवा टाय कसा दिसतो. मधेच त्या म्हणाल्या, "मला उलटी येईलसं वाटतंय. आली तर तू तोंड वळव."

दोर आला. एक जण उतरला, मला बांधलं, वर घेतलं. ते दुखणं मी सांगत नाही. मला स्ट्रेचरवर ठेवलं तेव्हा ताई अजून काठावर पालथ्याच होत्या. त्यांना उठता येत नव्हतं. बोटं गवतात रुतून अशी आवळली होती की आजोबांनी एकेक बोट सोडवलं. मग दोघांच्या खांद्यावर हात टाकून त्या चालल्या, आणि गाडीपाशी आल्यावर त्यांना खरंच उलटी झाली.

पाय बरा व्हायला बराच काळ गेला, आत सळई बसली. ड्यूटी संपली की ताई जिना चढून वॉर्डात यायच्या. लिफ्ट नकोच. खाटेशेजारी स्टूल ओढून बसायच्या आणि माझ्याकडं बघत राहायच्या. एकदा मी विचारलं, "काय बघता ताई?"

"इतकी वर्षं फोन घेतले," त्या म्हणाल्या. "पुढचं कधी कळलं नाही. तू पहिली, जिचं पुढचं बघायला मिळतंय." मग त्यांनी माझ्या पायाच्या अंगठ्याला हात लावून तो गरम आहे का ते पाहिलं. "जेवलीस का?"

क्लबानं त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. स्टेजवर त्यांचे पाय इतके लटपटले की पुष्पगुच्छ देणारा दोनदा थांबला. भाषण करा म्हटल्यावर त्या माईकपाशी गेल्या, "मला बसू द्या" म्हणाल्या आणि बसल्या. टाळ्या मात्र थांबेनात. यावरून सगळ्यांना असं वाटायला लागलं की ताईंची भीती आता गेली असेल. छे. त्या पश्चिमेच्या रानात त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. पाल दिसली की पूर्वीइतक्याच ओरडायच्या.

माझी गत त्याहून वाईट. काठी सुटल्यावर मी क्लबात आले, तर सुरुवातीच्या रेषेपुढं पाऊल उचलेना. समोर नुसती झाडं होती, ऊन होतं. मला झाडांमागं काठ दिसायचा. ताई शेजारी येऊन बसल्या. हिंमत कर, असं काही म्हणाल्या नाहीत. "नको वाटतं तर नको," म्हणाल्या आणि डबा उघडला. कितीतरी रविवार आम्ही रेषेवर बसून नुसत्या खात होतो. मग एकदा मी उठून पहिल्या निशाणापर्यंत चालत गेले आणि धावत परत आले. तंबूत त्यांनी विचारलं, "कुठं चुकलीस?" कुठंच चुकले नव्हते. तरी मी सांगत सुटले.

वर्षं गेली. ताई निवृत्त झाल्या. मग त्यांचं जेवण कमी झालं, पोटात दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या आणि त्या माझ्याच खुर्चीत येऊन बसल्या, दंडाला पट्टा बांधून घ्यायला. सुई हातात घेतली आणि मुंगीचं वाक्य माझ्या तोंडातून निघेना.

"दुखेल," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

आकडे दुपारी मशीनवर आले. ते मी त्यांच्या आधी पाहिले. तो वेळ कट्ट्यावरच्या खडीसारखाच होता. काहीतरी सुटलंय आणि खाली पोचल्याचा आवाज अजून यायचाय.

पुढचे महिने ताई सरळ सांगायच्या, "मला मरायची भीती वाटते." डॉक्टरांना, शेजारणीला, भेटायला आलेल्या क्लबातल्या लोकांना. लोक अवघडायचे. "असं अभद्र बोलू नये," म्हणायचे. त्या म्हणायच्या, "भीती वाटते म्हटलंय, मरते म्हटलेलं नाही." आजोबा तेव्हा फार थकले होते, तरी यायचे. ते एकटे म्हणायचे, "मलाही वाटते." मग दोघं चहा घेत बसायचे, आणि भाऊजी मधे उठून उगीचच खिडकी पुसायचे.

त्या गेल्या तेव्हा सकाळ होती. भाऊजी त्यांच्या पायांना तेल लावत होते. फोनवर ते मला एवढंच म्हणाले, "झालं गं."

चपलांच्या दुकानामागच्या खोलीत, जिथं क्लबाच्या बैठका व्हायच्या, आम्ही जमलो. बसायला जागा उरली नाही. एकेक जण उठून सांगत होता की आपण कुठं हरवलो होतो आणि तंबूत ताईंना काय सांगितलं होतं. त्यांनी आपल्याला काय सांगितलं, हे फार थोड्यांना आठवत होतं. भाऊजी भिंतीला टेकून सगळं ऐकत होते. निघताना ते माझ्यापाशी आले.

"मला ती खाण दाखवशील?"

मला जायचं नव्हतं. ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मलाही नाही. पण ती कुठं झोपली होती ते बघायचंय."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. ऊन स्वच्छ होतं. चाकोरीची वाट गवतानं भरली होती. खाणीला आता कुणी लाकडी कठडा केला होता, तरी त्याच्या बऱ्याच अलीकडं आम्ही दोघंही थांबलो. भाऊजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि मान उंच करून खाली पाण्यातलं लोखंड पाहिलं.

"इथं?" त्यांनी विचारलं.

"जरा पुढं. त्या कठड्याच्या पलीकडं."

ते खूप वेळ तिकडं बघत होते.

"घरी बल्ब बदलायचा तर ती नुसती खुर्ची धरून उभी राहायची," ते म्हणाले. "आणि चढायचो मीच."

वारा सुटला तसा मी त्यांचा दंड धरला. आम्ही काठाकडं पाठ न करता, मागल्या पावलीच, वाटेपर्यंत आलो, आणि मग गाडीकडं वळलो.